ऑफसाइड म्हणजे नक्की कुठली साइड? फुटबॉल, क्रिकेट आणि गाडी, तिन्हींचं एकत्र उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की फुटबॉलमध्ये ऑफसाइड झाला की मस्त झालेला गोल रद्द होतो, क्रिकेटमध्ये मात्र 'ऑफसाइडला काय सुंदर फटका' म्हणून कौतुक होतं, आणि आता तुम्ही जी सेकंडहँड गाडी बघताय तिच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये 'ऑफसाइड फ्रंट टायर झिजलेला' असं लिहून आलंय, तर मग ऑफसाइड म्हणजे डावी की उजवी, चूक की बरोबर, आणि तिन्हीकडे अर्थ एकच का. मी पोटापाण्यासाठी गाडी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल मॅचला लाइनवर फ्लॅग घेऊन पळतो, त्यामुळे हा शब्द माझ्या कानावर दोन्हीकडून पडतो, आणि दोन्हीकडे लोक साधारण एकाच जागी अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. घाईत असाल तर टायरचं उत्तर अगदी शेवटी आहे, सरळ तिकडे जा.

खरी अडचण अशी आहे की तुम्ही ऑफसाइडला एक ठरलेली जागा समजताय. जागा अशी नाहीच, ते कशाच्या तरी संदर्भात मोजायचं असतं. म्हणून शब्द कुठेही दिसला तरी आधी दोन गोष्टी विचारायच्या, हे कशापासून मोजतायत आणि कुठल्या क्षणाला मोजतायत. एवढं विचारलं की दोन गट आपोआप वेगळे पडतात. फुटबॉल, रग्बी, आइस हॉकी यांच्यात ऑफसाइड ही खेळाडूची त्या क्षणाची अवस्था आहे, पुढच्या सेकंदाला तोच माणूस तिथेच उभा राहून ऑनसाइड होऊ शकतो. क्रिकेट आणि गाडीत ते बाजूचं नुसतं नाव आहे, त्यात चूकबीक काही नाही, त्या बाजूला असल्याबद्दल कुणी शिट्टी वाजवत नाही.

आता फुटबॉल, इथे वेळ काढावाच लागेल. ऑफसाइड पोझिशनमध्ये असायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. खेळाडू समोरच्यांच्या हाफमध्ये, म्हणजे त्यांच्या अर्ध्या मैदानात हवा, बॉलच्या पुढे हवा, आणि समोरच्या टीमच्या मागून दुसऱ्या (त्यांच्या गोललाइनपासून मोजत आलं तर दुसऱ्या) खेळाडूच्याही पुढे हवा. पुढे म्हणजे त्यांच्या गोललाइनच्या जास्त जवळ. तिन्हीपैकी एक जरी नसली तरी तो ऑनसाइड, मग बघायला कितीही विचित्र दिसो. हाफलाइनवर पाय ठेवून उभा असेल तर अजून समोरच्यांच्या हाफमध्ये गेलेला नाही. बरोबरीत असेल तरी ऑनसाइड, हे १९९० पासून, त्याआधी बरोबरीत असलेला ऑफसाइड धरायचे. आणि मोजताना डोकं, धड, पाय एवढंच धरायचं, हात नाही, गोलकीपरचेसुद्धा नाही. खांदा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो यावर भांडणं व्हायची म्हणून आता काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून हात धरतात.

या तिन्हीत लोक सगळ्यात जास्त विसरतात ती बॉलची अट. समजा विंगर, म्हणजे कडेने पळणारा, गोललाइनपर्यंत बॉल घेऊन गेला आणि त्याने बॉल मागे वळवून दिला, स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा, गोलसमोर एकटा, डिफेंडर सगळे मागे राहिलेले, तरी ऑफसाइड नाही कारण पास सुटला तेव्हा स्ट्रायकर बॉलच्या मागे होता. बाहेरून इतकी बोंब होते या गोलवर की विचारू नका. दुसरं म्हणजे लोक 'शेवटचा डिफेंडर' म्हणतात, नियमात तसं काही नाहीये, नियमात मागून दुसरा खेळाडू आहे, मग ते दोघं कुणीही असोत. बहुतेक वेळा मागून पहिला गोलकीपर असतो म्हणून आपल्याला वाटतं की डिफेंडरच मोजायचा. गोलकीपर पुढे आला की गणित बदलतं. २०२२ च्या वर्ल्ड कपची पहिलीच मॅच, कतार विरुद्ध इक्वेडोर, तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाने हेडर मारला आणि गोल रद्द झाला, बघणाऱ्यांना कळेचना का, कारण एक डिफेंडर तर मागे दिसत होता. पण कीपर बॉलसाठी बाहेर आला होता, म्हणजे मागे एकटा उभा होता तो पहिला, आणि मागून दुसरा जो होता त्याच्या पुढे व्हॅलेन्सियाचा साथीदार एस्ट्राडाचा पाय गेलेला होता. बस, तेवढंच.

क्षण कुठला, तर साथीदाराने बॉल खेळला किंवा बॉलला स्पर्श केला तो. बॉल मिळाला तेव्हा कुठे होता याला काडीची किंमत नाही. म्हणून टीव्हीवर स्ट्रायकर डिफेंडरच्या चार पावलं पुढे बॉल घेताना दिसतो आणि तरी गोल बरोबर असतो, पास सुटताना तो मागे होता आणि मग धावला. उलटंही होतं, पास सुटताना ऑफसाइड होता आणि शहाण्यासारखा मागे येऊन बॉल घेतला तरी तो वाचत नाही, अगदी मागे पळत स्वतःच्या हाफमध्ये येऊन घेतला तरी फाऊल तिथेच आणि फ्री किक तिथूनच, इनडायरेक्ट, म्हणजे तिच्यावरून थेट गोल मारता येत नाही.

आणि आता खेळाडूंनाही सांगावं लागतं ते, ऑफसाइड पोझिशनमध्ये असणं हा गुन्हा नाही. तिथे उभं राहून चहा प्या, कुणी विचारणार नाही. गुन्हा होतो तो तिथून खेळात सामील झालं तर, म्हणजे बॉल खेळला, किंवा समोरच्याला अडवलं, गोलकीपरची नजर झाकली, बॉलसाठी त्याच्याशी झटापट केली, नाहीतर पोस्टवरून किंवा कीपरच्या हातून परतलेला बॉल घेतला. इथे रेफ्रीच्या समजुतीला जागा आहे आणि प्रामाणिकपणे सांगतो, दोन चांगले रेफ्री दोन वेगळे निर्णय देऊ शकतात. जानेवारी २०२३ मधली मँचेस्टर डर्बी आठवत असेल तर युनायटेडचा रॅशफर्ड ऑफसाइडला होता, बॉलच्या मागे धावत राहिला, डिफेंडर आणि कीपर त्याच्याकडेच बघत होते, पण त्याने बॉलला स्पर्श केला नाही आणि ऐनवेळी त्याचा साथीदार फर्नांडिसने मागून येऊन गोल मारला. फ्लॅग वर गेला होता, तरी रेफ्रीने शेवटी गोल दिला. माझ्या मते बॉलबरोबर धावून त्याने डिफेंडरची चाल बदलली होती, मी असतो तर दिला नसता, पण नियमाच्या त्यावेळच्या शब्दांवर बोट ठेवून दुसरं म्हणणारेही होते आणि त्यांचंही अगदीच चुकीचं म्हणता येत नाही.

डिफेंडरच्या स्पर्शाचंही असंच. डिफेंडरला बॉल नुसता लागून गेला तर ऑफसाइड पुसला जात नाही, पण डिफेंडरने मुद्दाम बॉल खेळला तर तिथून नवीन सुरुवात, आधीचा ऑफसाइड संपला. मुद्दाम म्हणजे काय यावरच सगळी गंमत. ऑक्टोबर २०२१ ला नेशन्स लीगच्या फायनलमध्ये फ्रान्सचा एम्बापे ऑफसाइडला असताना पास आला, स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरत पाय घातला, बॉलला जेमतेम लागला, आणि तेवढ्यावर 'मुद्दाम खेळला' धरून एम्बापेचा गोल दिला, फ्रान्स २-१ ने जिंकलं. त्यावरून इतकं वाजलं की २०२२ मध्ये खुलासा आला, डिफेंडरला बॉल नीट दिसत होता का, वेळ होता का, शरीर ताब्यात होतं का, बॉल वेगात होता की हळू, जमिनीवर होता की हवेत, असं सगळं बघायचं. घसरत, ताणून, कसाबसा घातलेला पाय आता सहसा मुद्दाम धरत नाहीत. आणि गोल वाचवायला घातलेला पाय किंवा हात म्हणजे सेव्ह, तो मुद्दाम असला तरी त्याने ऑफसाइड पुसला जात नाही.

अपवाद पटकन सांगून टाकतो, गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नरवरून थेट बॉल आला तर ऑफसाइड नाही. फ्री किकवर आहे. थेट म्हणजे पहिला स्पर्श, कॉर्नर छोटा घेऊन परत दिला तर दुसऱ्या पासला नियम पुन्हा चालू, आणि कॉर्नर घेणारा तिथेच रेंगाळतो म्हणून नेमका तोच सापडतो. अजून एक, डिफेंडर मैदानाबाहेर पडला म्हणून मोजणीतून सुटत नाही. युरो २००८ ला नेदरलँड्स-इटली मॅचमध्ये इटलीचा डिफेंडर पानुच्ची गोललाइनच्या बाहेर पडून होता, नेदरलँड्सच्या वान निस्टलरॉयने गोल मारला, सगळे ओरडले ऑफसाइड, पण पानुच्ची गोललाइनवर आहे असंच धरायचं असतं, गोल बरोबर होता. नाहीतर काय, प्रत्येक डिफेंडर एक पाऊल बाहेर टाकून स्ट्रायकरला ऑफसाइडमध्ये ढकलेल.

लाइनवरून हे कसं दिसतं तेही सांगतो कारण 'लाइन्समन आंधळा आहे का' हे वाक्य मी पाठ केलंय. माझं काम एकच, मागून दुसऱ्या खेळाडूच्या अगदी सरळ रेषेत राहायचं, तो सरकला की मी सरकायचं, तोंड मैदानाकडे ठेवून आडवं सरकत. रेषेतून दोन-तीन पावलं हललं की तिरका कोन होतो आणि पलीकडच्या बाजूचा ऑनसाइड खेळाडूही ऑफसाइड दिसायला लागतो. प्रेक्षकांना किंवा कोचला जे दिसतं ते जवळजवळ नेहमी तिरकंच असतं, म्हणून त्यांची खात्री आणि माझा फ्लॅग जुळत नाही. आता वेळेचं गणित बघा, स्ट्रायकर सेकंदाला ७ मीटरने पुढे पळतोय, डिफेंडर त्याच क्षणी ३ मीटरच्या वेगाने वर येतोय, दोघांमधलं अंतर सेकंदाला १० मीटरने बदलतंय, म्हणजे दशांश सेकंदाची चूक झाली की १ मीटरची चूक. पास ३० मीटरवरून येतोय, नजर लाइनवर ठेवायची की पाय मारणाऱ्यावर? बरेच जण सांगतात की नजर लाइनवर ठेव आणि किकचा आवाज ऐक. चांगला सल्ला आहे पण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, ३४ मीटरवरची किक मला दशांश सेकंद उशिरा ऐकू येते, आणि तेवढ्यात स्ट्रायकर डिफेंडरच्या मानाने १ मीटर पुढे. म्हणून लांबच्या पासला मी आवाजावर विसंबत नाही, पास देणाऱ्याची मान वर झाली आणि पाय मागे गेला की तिथून अंदाज घेऊन लाइनवरचं चित्र मनात पकडून ठेवायचं, आणि मग थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. बॉल कोण खेळतोय ते दिसल्याशिवाय फ्लॅग वर करायचा नाही, कारण ऑफसाइडवाला सोडून मागून दुसराच पळत येऊ शकतो. लोकांना वाटतं लाइन्समन झोपलाय, तो वाट बघत असतो. जिथे व्हिडिओ रेफ्री आहे तिथे तर गोलची सरळ संधी असेल तर खेळ होऊ देऊन मग फ्लॅग वर करतात.

मोठ्या स्पर्धांमध्ये आता मशीन मदत करतं. २०२२ च्या वर्ल्ड कपला छताखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ पॉइंट सेकंदाला ५० वेळा टिपायचे, आणि बॉलमधला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा. बॉलला वेगळा सेन्सर का, तर वरचंच गणित, ५० फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये ०.०२ सेकंद, १० मीटरच्या वेगाने तेवढ्यात २० सेंटीमीटर निघून जातात, आणि टाचेएवढ्या फरकावर गोल रद्द करायचा तर किक नेमकी कधी लागली हे त्याहून बारीक कळायला हवं. त्याच स्पर्धेत सौदी अरेबियाने अर्जेंटिनाविरुद्ध बॅकलाइन, म्हणजे डिफेंडरांची रांग, इतकी वर आणून खेळली की पहिल्या हाफमध्येच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून गेले आणि शेवटी सौदी २-१ ने जिंकलं. हाच तो ऑफसाइड ट्रॅप. सगळे डिफेंडर एकदम वर, स्ट्रायकर मागे एकटा. एक डिफेंडर जरी झोपला तरी सगळा खेळ खल्लास, म्हणून लहान मुलांच्या टीमला मी कधी हा खेळू देऊ नका म्हणतो, त्यांना वर यायचं लक्षात राहतं पण सगळ्यांनी एकदम यायचं हे राहत नाही.

नियम असा का आहे हे इतिहासात बघितलं की बरंच सोपं होतं. १८६३ च्या पहिल्या नियमांत बॉलच्या पुढे असलेला कुणीही खेळाबाहेर, म्हणजे पुढे पास देणं जवळजवळ नव्हतंच, आपल्या बाजूपासून तुटून पुढे जाऊन थांबलेला तो ऑफ युवर साइड. १८६६ ला सवलत मिळाली, समोर तीन प्रतिस्पर्धी असतील तर चालेल. १९०७ पासून स्वतःच्या हाफमध्ये ऑफसाइड नाही. मग तीनच्या अटीचा डिफेंडरांनी इतका फायदा घेतला, न्यूकॅसलचा बिल मॅकक्रॅकन त्यात उस्ताद समजला जायचा, की खेळ सारखा शिट्टीवर थांबायला लागला, आणि १९२५ ला तीनचे दोन केले. गोल एकदम वाढले, आणि त्याला उत्तर म्हणून आर्सेनलच्या मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, मागे ओढून तिसरा डिफेंडर केला. एका आकड्याने टीम कशी उभी राहते ते बदललं. मला विचाराल तर ऑफसाइड काढून टाका म्हणणाऱ्यांना एवढंच दाखवावं. नियम नसेल तर एक माणूस गोलसमोर ठाण मांडून बसेल आणि बाकीचे लांब किक मारत बसतील.

बाकीच्या खेळांचं पटकन. रग्बीने १८६३ वाली जुनी कल्पना जवळजवळ तशीच ठेवली, आपल्या साथीदाराने बॉल शेवटचा खेळला आणि तुम्ही त्याच्या पुढे, तर ऑफसाइड, आणि रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही टीम एकमेकांना ढकलतात त्या झुंबडीत, आपल्या बाजूच्या शेवटच्या पायाच्या मागे उभं राहायचं. आइस हॉकीत निळी रेषा आहे, पक, म्हणजे ती चकती, आधी रेषा ओलांडायला हवा, खेळाडू नंतर. मैदानी हॉकीत पूर्वी ऑफसाइड होता, १९९० च्या दशकात काढून टाकला, आणि तिथून हॉकी फारच मोकळी आणि वेगवान झाली. म्हणजे माझा वरचा मुद्दा प्रत्येक खेळाला लागू नाही, हॉकीत सर्कलमधूनच गोल मारावा लागतो त्यामुळे गोलसमोर उभं राहून फारसं साधत नाही. ते ज्या त्या खेळावर अवलंबून आहे.

आता क्रिकेट. इथे ऑफ आणि लेग, म्हणजे ऑन, या पिचच्या दोन बाजू आहेत आणि त्या बॅट्समनपासून मोजायच्या. उजव्या हाताचा बॅट्समन बोलरकडे बघत असताना त्याच्या उजवीकडे ऑफ, डावखुऱ्याला उलट. माझी युक्ती अशी की बॅट्समनच्या पायाची बोटं ज्या बाजूला ती ऑफ आणि टाचा ज्या बाजूला ती लेग, नेहमीच्या स्टान्सला हे कधी चुकत नाही, डावखुऱ्यालाही लागू होतं. कव्हर, पॉइंट, गली, मिड-ऑफ या ऑफच्या जागा, मिडविकेट, स्क्वेअर लेग, मिड-ऑन या लेगच्या. म्हणून डावखुरा आणि उजवा एकत्र खेळत असले आणि एक रन निघाला की सगळी फील्ड पळत इकडून तिकडे जाते, मैदान तेच पण ऑफसाइड बदलली.

इथेसुद्धा क्षणाचा प्रश्न आहे बरं का. ऑफ कुठली हे बॉल प्लेमध्ये आला त्या क्षणी बॅट्समनचा स्टान्स काय होता त्यावर ठरतं, म्हणजे बोलरने रनअप सुरू केला तेव्हाचा. २००८ ला इंग्लंडच्या पीटरसनने न्यूझीलंडच्या स्टायरिसला स्विच हिट मारून सिक्स मारले, हात-पाय सगळे उलटे करून, तेव्हा हाच प्रश्न आला. नियमाने ऑफ स्टंप तोच राहतो जो आधी होता, आणि एलबीडब्ल्यू त्यावरच बघायचा. एलबीडब्ल्यूत या दोन बाजूंना मुळीच सारखं वागवत नाहीत, बॉल लेग स्टंपच्या बाहेर पडला तर आऊट नाहीच, ऑफच्या बाहेर पडला तर चालतो, आणि ऑफच्या बाहेर पॅडला लागला तर बॅट्समनने फटका मारायचा खराखुरा प्रयत्न केला होता का ते बघतात, नुसता पॅड पुढे केला असेल तर आऊट होऊ शकतो. लेगला क्रीजच्या मागे कीपर सोडून दोनपेक्षा जास्त फील्डर ठेवता येत नाहीत, नाहीतर नो-बॉल, त्याच्या मागे १९३२-३३ च्या बॉडीलाइनची, म्हणजे लेगला फील्डर दाटून अंगावर केलेल्या बोलिंगची आठवण आहे. ऑफला मागे कितीही स्लिप लावा.

आणि आता गाडी. घोड्यांच्या काळात घोड्याला डावीकडून धरायचे, डावीकडूनच चढायचे, म्हणून डावी बाजू निअर आणि उजवी ऑफ. डावीकडून चालणाऱ्या देशांत, म्हणजे ब्रिटन, भारत, ऑस्ट्रेलिया, जपान वगैरे, तेच गाडीला लागलं, कारण फूटपाथची कड डावीकडे. आज व्याख्या अशी धरा की कडेकडची बाजू निअरसाइड, रस्त्याच्या मधली बाजू ऑफसाइड. या भागात स्टिअरिंग उजवीकडे असतं म्हणून ऑफसाइड म्हणजे ड्रायव्हर साइड हे बहुतेक वेळा जुळतं, मेकॅनिक लोक तर सरळ ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइडच म्हणतात. पण मोजायचं रस्त्यापासून, सीटपासून नाही. डाव्या स्टिअरिंगची गाडी ब्रिटनमध्ये आणली तर तिचा ड्रायव्हर निअरसाइडला बसलेला असतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांत याच व्याख्येने ऑफसाइड डावी होते, फक्त तिथे हा शब्द फारसा वापरतच नाहीत, अमेरिकेत ड्रायव्हर साइड-पॅसेंजर साइड म्हणून मोकळे होतात. मला तेच जास्त सुरक्षित वाटतं.

गाडी शिकवताना हा शब्द मी मुद्दाम वापरतो कारण धोका त्या बाजूला जास्त असतो. डावीकडून चालणाऱ्या रस्त्यावर ओव्हरटेक ऑफसाइडने करायचं, उजवीकडून, आणि ड्रायव्हर त्याच बाजूला बसलेला असल्यामुळे पुढच्या ट्रकच्या कडेने थोडं डोकावता येतं. डाव्या स्टिअरिंगची गाडी तिथे चालवणाऱ्याला विचारा, त्याला अर्धी गाडी बाहेर काढल्याशिवाय समोरचं काही दिसत नाही. गाडी थांबवून उतरतानाही ऑफसाइडचं दार म्हणजे वाहत्या ट्रॅफिकमध्ये उघडणारं दार, म्हणून मी सगळ्यांना उजवं दार डाव्या हाताने उघडायला लावतो, आपोआप खांदा वळतो आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो.

चौकातला एक प्रकार तर बऱ्याच जुन्या ड्रायव्हरांनाही माहीत नसतो. तुम्ही उजवीकडे वळताय, समोरून येणाराही त्याच्या उजवीकडे वळतोय. दोन पद्धती आहेत, एक म्हणजे दोघांनी थोडं पुढे येऊन एकमेकांच्या उजव्या अंगाने जाऊन मग मागून वळायचं, ऑफसाइड टू ऑफसाइड, दुसरी म्हणजे एकमेकांच्या समोरूनच वळायचं, डाव्या अंगाने. पहिलीत समोरच्या गाडीमागून सरळ येणारं वाहन दिसतं, दुसरीत तीच गाडी तुमची नजर अडवते. शक्य असेल तिथे पहिली घ्या. पण चौक छोटा असेल, रस्त्यावर पट्टे आखून दुसरी पद्धत लावलेली असेल किंवा समोरचा आधीच वळायला लागला असेल तर हट्ट करू नका, त्याच्याकडे बघा आणि त्याप्रमाणे घ्या.

गाडीच्या पार्टमध्येही ऑफसाइडचा फरक पडतो. डिप केलेला हेडलाइट दोन्हीकडे सारखा नसतो, डावीकडून चालणाऱ्या देशांच्या लॅम्पचा झोत कडेकडे, म्हणजे निअरसाइडला, वर चढतो आणि ऑफसाइडला खाली ठेवलेला असतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशातला लॅम्प इथे लावला की नेमका समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागे एकच लाल फॉग लॅम्प असेल तर तोही ऑफसाइडला किंवा मधोमध असतो. पार्ट मागवताना ओ एस एफ, एन एस आर अशी अक्षरं दिसली तर ओ एस म्हणजे ऑफसाइड, एन एस म्हणजे निअरसाइड, शेवटचं अक्षर फ्रंट की रिअर. आणि डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर पुढे तोंड करून बसल्यासारखं धरायचं, बॉनेटसमोर उभं राहून नाही. उलटा आरसा घरी येतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

तर तुमचा टायर. गाडी आणि रिपोर्ट दोन्ही डावीकडून चालणाऱ्या देशातले असतील आणि स्टिअरिंग उजवीकडे असेल तर ऑफसाइड फ्रंट म्हणजे पुढचा उजवा, ड्रायव्हरच्या पायाशी असलेला. गाडी बाहेरून आणलेली डाव्या स्टिअरिंगची असेल तर तपासणाऱ्याला फोन करून विचारा की तुम्ही रस्ता धरून लिहिलंय की सीट धरून, कारण अशा गाडीत लोक दोन्ही लिहितात. आणि गाडीच्या एकाच बाजूचा टायर झिजलाय म्हणजे नुसता टायर बदलून भागेल असं नाही, टायरची आतली कड खाल्लीय की बाहेरची की सगळीकडून सारखी झिजलीय ते हात फिरवून बघा. एकाच कडेने खाल्ली असेल तर अलाइनमेंट, बॉल जॉइंट आणि सस्पेन्शनचे बुश दाखवून घ्या, दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा बरेच दिवस कमी होती, मध्येच झिजला असेल तर हवा जास्त. दुसऱ्या बाजूचा पुढचा टायरही त्याच वेळी बघा, तो नवाकोरा आणि हा झिजलेला असेल तर आधी विकणाऱ्याला विचारा की एकच का बदलला.